सिकबेतला हॉलोग्राम आणि जामखेडच्या बाया

स्टार ट्रेकवाल्यांवर माझा जुना राग आहे. वॉर्प ड्राइव्ह, माणसाचे अणू-रेणू करून त्याला ग्रहावर उतरवणं, प्रत्येक परग्रहवासीयाला येणारं अस्खलित इंग्रजी, हे सगळं मी बिनतक्रार गिळलेलं आहे. (सासू-सुनांच्या मालिका गिळणाऱ्या देशात हे काय कठीण?) माझा राग आहे तो जहाजावरच्या दवाखान्यावर. त्याला तिथं सिकबे म्हणतात. भिंती चकाचक, पलंगावर झोपलं की नाडीपासून मेंदूपर्यंत सगळं पडद्यावर, हातात धरायचं छोटं यंत्र फिरवलं की निदान तयार. आणि एवढं सगळं चालवायला माणसं किती? मोजा. बोटं उरतील.

त्यातल्या त्यात 'व्हॉयेजर' ही मालिका घ्या. १९९५ ते २००१ चालली, आपल्यापैकी पुष्कळांनी नंतर कधीतरी डाउनलोड करून पाहिली असेल. कथा अशी, की दीडशेच्या आसपास माणसं असलेलं एक जहाज एका झटक्यात घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं लांब फेकलं जातं. पूर्ण वेगानं परत यायचं म्हटलं तरी पंचाहत्तर वर्षं. त्या झटक्यात जहाजावरचा डॉक्टर मरतो, नर्सही मरते, संपला वैद्यकीय विभाग! मग कुणीतरी आणीबाणीचं बटण दाबतं आणि हवेतून एक टक्कल पडलेला गृहस्थ प्रकट होतो. तो माणूस नाही, हॉलोग्राम आहे. प्रकाशाचा पुतळा, पण सत्तेचाळीस डॉक्टरांचा अनुभव डोक्यात भरलेला. पुढची सात वर्षं तोच जहाजाचा डॉक्टर.

आता यातली गंमत बघा. हा प्रोग्रॅम फार तर १५०० तास चालेल अशा बेतानं लिहिलेला आहे. म्हणजे खरा डॉक्टर येईपर्यंत वेळ मारून न्यायला. प्रोटोटाइप प्रॉडक्शनमध्ये सात वर्षं चालवणं, हे मात्र मला अत्यंत वास्तववादी वाटलं :-) दुसरं म्हणजे, सुरुवातीला त्याला सिकबेच्या बाहेर पाऊल टाकता येत नाही. त्याला उमटवणारी यंत्रणा फक्त तिथल्याच भिंतीत. इंजिनरूममध्ये कुणी भाजला तर भाजलेल्यानंच डॉक्टरकडे यायचं. आणि तिसरं म्हणजे मदतनीस. कॅप्टनबाई यादी चाळतात आणि टॉम पॅरिस नावाच्या पायलटला हाताखाली देतात. का, तर त्यानं कॉलेजात दोन सेमिस्टर बायोकेमिस्ट्री घेतली होती! म्हणजे लढाई सुरू झाली, जखमी येऊ लागले, की नेमका त्याच क्षणी नर्स जहाज चालवत असणार. आपल्याकडे असं डिझाइन कुणी रिव्ह्यूला आणलं असतं तर त्याला चहासुद्धा मिळाला नसता.

पण खरं दुखणं पुढे आहे. त्याच मालिकेत केस नावाची एक मुलगी आहे (नावाला हसू नका). ती सैन्यातली नाही, पदवीधर नाही, वाटेत जहाजावर चढलेली परग्रहाची पोर. जहाजावर भाजीपाला पिकवायचं काम करते. ती डॉक्टरकडे शिकायला लागते आणि बघता बघता तयार होते. शिवाय 'या डॉक्टरशी माणसासारखं वागा, त्याला बंद-चालू करण्याचा अधिकार त्याचा त्याला द्या' हे कॅप्टनला सांगणारीही तीच. म्हणजे उत्तर लेखकांच्या हातात होतं. उरलेल्या दीडशेंतून अशा दहा जणी, दहा जण तयार करायचे. सात वर्षं होती हातात! त्यांनी काय केलं? चौथ्या सीझनच्या सुरुवातीला, १९९७ मध्ये, केसला मालिकेतून काढून टाकलं आणि पायलट पुन्हा नर्स.

तुम्ही म्हणाल, अरे बाबा मालिका आहे ती, शनिवारची सकाळ आहे, पोहे खा. खाल्ले. पण हाच सिकबे आता आपण नगर जिल्ह्यात बांधायला निघालो आहोत, म्हणून लिहितोय.

मी काम करतो त्या कंपनीत (नाव सांगत नाही, पगार तिथूनच येतो) मागे एक हॅकेथॉन झाली. विषय ग्रामीण आरोग्य. जिंकलेली कल्पना अशी: टॅबलेटवर एक हसरा डॉक्टर, बोलतो मराठी, पेशंटनं लक्षणं सांगायची, एआय निदान करणार, औषध सांगणार. सादरीकरणाचं पहिलं वाक्य होतं, 'खेड्यात डॉक्टर जात नाहीत, मग डॉक्टरच डाउनलोड करू.' टाळ्या. मी विचारलं, टॅबलेट हातात कोण धरणार? ताप आलेलं सहा महिन्यांचं पोर आहे, आई शेतावर आहे, आजीला दिसत नाही. कोण धरणार? उत्तर आलं, 'लोकल रिसोर्स.'

हे दोन शब्द मी तेव्हापासून डोक्यात घेऊन फिरतोय.

कारण आपल्या जिल्ह्यात (नगर म्हणा, कागदावर अहिल्यानगर म्हणा) याच प्रश्नाचं उत्तर १९७० पासून चालू आहे. आणि ते तिथंच आहे, जिथल्या चौंडीत अहिल्याबाई जन्मल्या. जामखेड तालुक्यात. पण तिथं जाण्याआधी खऱ्या जहाजांकडे एक चक्कर मारू, कारण स्टार ट्रेकचे लेखक सोडले तर डॉक्टरशिवाय लांब जाणाऱ्या प्रत्येकानं या विषयावर डोकं चालवलेलं आहे.

अमेरिकन नौदलाची अणुपाणबुडी घ्या. सव्वाशे-दीडशे माणसं, महिनोनमहिने पाण्याखाली. साधारण आपलं व्हॉयेजरच. त्यावर डॉक्टर नसतो. असतो एक कॉर्प्समन, म्हणजे वर्षभराच्या आसपास खास शिक्षण दिलेला खलाशी. ही पद्धत आकाशातून पडलेली नाही. ११ सप्टेंबर १९४२ रोजी 'सीड्रॅगन' या पाणबुडीवर व्हीलर लाइप्स नावाच्या २३ वर्षांच्या पोरानं, जो डॉक्टर नव्हता, एका १९ वर्षांच्या खलाशाचं अपेंडिक्स काढलं. जखम उघडी धरायला स्वयंपाकघरातले चमचे वाकवले आणि ईथर द्यायला चहाची गाळणी वापरली. पेशंट जगला. त्या बातमीला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. लाइप्सला नौदलाचं पदक मात्र २००५ साली मिळालं. असो. सरकारी काम सगळीकडे सारखंच.

दुसरं उदाहरण अंटार्क्टिकाचं. १९६१, रशियन तळ, डझनभर माणसं आणि एकच डॉक्टर, लिओनिद रोगोझोव्ह. अपेंडिक्स झालं नेमकं त्यालाच! त्यानं स्वतःच्या पोटावर स्वतः शस्त्रक्रिया केली. हा किस्सा व्हॉट्सॲपवर 'इच्छाशक्ती' या सदरात फिरतो. आपल्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. आणि त्या किश्शात कुणी न सांगितलेला भाग असा, की आरसा धरायला एक ड्रायव्हर-मेकॅनिक होता आणि हत्यारं हातात द्यायला हवामानतज्ज्ञ. काय करायचं हे त्यांना रोगोझोव्हनं आधी शिकवलं होतं. ते दोघे नसते तर इच्छाशक्ती टेबलावरच राहिली असती.

आणि थेट अंतराळच हवं असेल तर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर एका अंतराळवीराच्या मानेतल्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली होती. २०२० साली वैद्यकीय नियतकालिकात हे प्रकरण छापून आलं. पृथ्वीवरून तज्ज्ञ सांगत होते आणि वर सोनोग्राफीचं यंत्र अंतराळवीर चालवत होते. औषध मर्यादित होतं, ते पुरवून पुरवून वापरलं, पुढचं औषध मालवाहू यानानं पाठवलं. टेलिमेडिसिन अगदी फर्स्ट क्लास. पण बघा, तारेच्या या टोकाला शिकवलेले हात होते आणि औषधाचा डबा रिकामा नव्हता.

नासाला हे १९७० च्या दशकातच कळलेलं होतं. लांबच्या अंतराळ प्रवासात उपचार कसे करायचे याची चाचणी घ्यायला त्यांनी जागा कुठली निवडली? ॲरिझोनातल्या पापागो आदिवासींचं वाळवंट. एक फिरता दवाखाना, त्यात डॉक्टर नसलेले पण शिकवलेले आरोग्य कर्मचारी, आणि मायक्रोवेव्हनं जोडलेला लांबचा दवाखाना. स्टारपॅक असं त्या प्रकल्पाचं नाव. म्हणजे खेडं आणि अंतराळयान हा एकच प्रश्न आहे, हे मी ओढून ताणून जुळवत नाहीये. नासानंच ते जुळवलं होतं.

त्याच दशकात जामखेडला आरोळे पती-पत्नी होते.

डॉ. रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातलेच. ते आणि डॉ. मेबल आरोळे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. १९६२ ते १९६६ त्यांनी नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये काम केलं. तिथं त्यांना जे दिसलं ते कुठल्याही प्रॉडक्शन सपोर्टवाल्याला ओळखीचं वाटेल. पेशंट येतो, बरा होतो, जातो, आणि त्याच आजारानं परत येतो. हगवण, कुपोषण, बाळंतपणातले घोळ. बहुतेक आजार टाळता येण्यासारखे. तिकीट क्लोज, तिकीट रीओपन. बग कुठं आहे? तो दवाखान्यात नाहीच, गावात आहे. विहिरीत आहे, 'बाळंतिणीला पाणी देऊ नका'त आहे, दलित वस्तीला वेगळं पाणी भरायला लावण्यात आहे. मग दोघं अमेरिकेत गेले, पुढचं शिक्षण घेतलं, जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकले, आणि परत येऊन १९७० मध्ये जामखेडला सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दुष्काळी तालुका. १९७२ तर पुढे उभंच होतं.

आधी त्यांनी तेच केलं जे कुणीही शहाणा माणूस करेल. शिकलेल्या नर्सबाई गावात पाठवायच्या. ते जमलं नाही. एकट्या तरुण मुलीनं परक्या गावात राहायचं म्हणजे काय, ते आपल्याला माहीत आहे, आणि गावानंही त्यांना आपलं मानलं नाही. मग उलटं केलं. गावानंच आपल्यातली एक बाई निवडायची. वय झालेली, लेकुरवाळी, गावात जिचं ऐकतात अशी. बहुतेक जणी जेमतेम शिकलेल्या किंवा निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. आठवड्यातून एक-दोन दिवस जामखेडला यायचं, तिथंच राहायचं, एकत्र जेवायचं, एकत्र झोपायचं. सत्तरच्या दशकात सगळ्या जातींच्या बाया एका पंगतीत आणि एका खोलीत, हा तर अभ्यासक्रमाचा पहिलाच धडा होता आणि तो कुठल्या पुस्तकात नव्हता. मग चित्रं, गाणी, गप्पा. गावात काय झालं, कुणाचं पोर दगावलं, का दगावलं. साखर-मिठाचं पाणी. बाळंतपणाआधीची तपासणी, बाळंतपणातली स्वच्छता. कुष्ठरोग ओळखायचा आणि त्या माणसाला वाळीत टाकू द्यायचं नाही.

आणि इथं माझ्या हॅकेथॉनवाल्या मित्रांनी नीट वाचावं. मागे दवाखाना होता! या बाया डॉक्टरच्या ऐवजी नव्हत्या. बाईला कळायचं की हे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे, तेव्हा जामखेडला पाठवायला जागा होती, शस्त्रक्रिया करणारा माणूस होता, आणि तिनं पाठवलेल्या पेशंटकडे 'कुणा अडाणी बाईनं पाठवलंय' म्हणून न बघणारा डॉक्टर होता. ही शेवटची गोष्ट सगळ्यात दुर्मिळ आहे. डॉक्टरनं आपलं ज्ञान वाटून टाकायचं, आणि वाटल्यावर त्याचा रुबाब कमी होतो हे मान्य करायचं. हे सॉफ्टवेअरमध्ये करता येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांनाही फारसं करता येत नाही, आपल्या टीममधला 'माझ्याशिवाय बिल्ड होत नाही'वाला आठवा.

आकडे हवेत? १९७१ साली प्रकल्पाच्या गावांत हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत मरत होती. सहातलं एक. पुढच्या दोन-अडीच दशकांत हा आकडा विशीच्या घरात आला. हे प्रकल्पाचे स्वतःचे आकडे आहेत, आणि त्या काळात सगळ्या महाराष्ट्रातच मृत्यू कमी होत होते, हेही खरं. म्हणून बाहेरच्यांनी केलेली मोजणी बघावी. १९९२ ते २००७ या काळातली प्रकल्पाची गावं आणि आसपासची प्रकल्पाबाहेरची गावं यांची तुलना २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आली. जन्मानंतरचा पहिला महिना ओलांडलेल्या बालकांत मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला. पहिल्या महिन्याबद्दल तसा फरक दिसला नाही. मला हा अभ्यास त्यामुळेच जास्त विश्वासार्ह वाटतो. सगळं सुटलं असं तो म्हणत नाही.

तो पहिला महिना कुणी सोडवला? गडचिरोलीत, 'सर्च'मध्ये, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी. पुन्हा गावातल्याच बाया. नवजात बाळाचा श्वास मोजायचा, वजन करायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनसुद्धा घरीच द्यायचं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा अहवाल आला, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. इंजेक्शन देणारी बाई एमबीबीएस नाही म्हणून तेव्हा किती भुवया वर गेल्या असतील!

आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे मिळालं, रजनीकांत आरोळ्यांना १९९० मध्ये पद्मभूषण. मेबलबाई १९९९ मध्ये गेल्या, ते २०११ मध्ये. जगभरातून लोक जामखेडला शिकायला येतात. आणि नगर-पुण्याच्या आपल्यासारख्या पोरांना विचारा, जामखेड म्हटल्यावर काय आठवतं? फार तर खर्ड्याचा किल्ला.

आता येणारा आक्षेप मला पाठ आहे. 'ते १९७० होतं. तेव्हा एआय नव्हतं. आज मॉडेलला त्या बाईपेक्षा हजार पट जास्त वैद्यकशास्त्र येतं.' येत असेल. मला वाद घालायचा नाही, एआयवर मीही पोट भरतो. पण हगवणीत साखर-मिठाचं पाणी द्यावं हे ज्ञान १९७० मध्येही जगाला होतंच की. अडलं होतं कुठं? सासूबाईंपाशी. 'पोराला पाणी दिलं तर हगवण वाढंल' म्हणणाऱ्या सासूबाईंपाशी. त्यांच्या चुलीपाशी बसून, त्यांच्याकडून चहा घेऊन, 'आत्याबाई, माझ्या धाकट्याला मी असंच पाजलं होतं बघा' असं म्हणणारी बाई लागते. तिचा धाकटा त्यांनी पाहिलेला असतो. तोच पुरावा. हसऱ्या टॅबलेटचा धाकटा कुणी पाहिलाय? आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललंय आपलं. ज्ञानाचा तुटवडा नव्हताच, आणि आपण ट्रकनं ज्ञान पाठवतोय.

शिवाय तो हॉलोग्राम सिकबेबाहेर जाऊ शकत नव्हता, आठवतंय ना? आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र नियमानं तीस हजार लोकवस्तीला एक, तिथं डॉक्टरांच्या साधारण दोन जागा. म्हणजे दोन्ही भरलेल्या असल्या तरी शंभर व्हॉयेजरना मिळून एक सरकारी डॉक्टर. तो केंद्रात बसणार. वाडीवर कोण जाणार? 'ई-संजीवनी' ही सरकारी टेलिमेडिसिन सेवा २०१९ मध्ये आली, कोविडमध्ये लोकांना घरून डॉक्टर मिळाला, चांगलंच झालं. पण तिचाही जो भाग खेड्यात चालतो तो का चालतो, तर उपकेंद्रात पेशंटशेजारी एक समुदाय आरोग्य अधिकारी बसलेला असतो. तो नसेल तर उंटावरून शेळ्या हाकणं आहे ते, फक्त उंट क्लाउडवर.

आणि एक गोष्ट कुठल्याच स्लाइडवर नसते. चुकलं तर कोण? ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या दिवशी ११ रुग्ण गेले. नंतर निलंबनं झाली, आणि अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. त्यांचं काय चुकलं, काय नाही, ते कोर्ट बघेल, मी न्यायाधीश नाही. मी एवढंच बघतो, की इमारत, वायरिंग, निधी, मंजुऱ्या, या सगळ्यांची साखळी मंत्रालयापर्यंत जाते आणि बेड्या ड्यूटीवर असलेल्या माणसापाशी थांबतात. उद्या टॅबलेटनं न्यूमोनियाला सर्दी म्हटलं आणि पोर गेलं, तर टॅबलेटला कुणी अटक करणार नाही. आपल्या अटी-शर्तींत 'हा वैद्यकीय सल्ला नाही' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मग दारात जमाव कुणाच्या जाणार? लोकल रिसोर्सच्या.

त्या लोकल रिसोर्सला एक पदनाम आहे. आशा. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा नेमायची ठरलं. जामखेडसारख्या प्रयोगांनीच ही वाट पाडली होती. पण सरकारनं वाटेतलं नेमकं काय उचललं? बाई उचलली. आठवड्याचं शिक्षण, मागचा दवाखाना, मान देणारा डॉक्टर, हे वाटेतच राहिलं. वर तिला नाव दिलं स्वयंसेविका. म्हणजे पगार नाही, कामागणिक मोबदला. बाळंतपणाला नेलं की इतके, लस टोचून घेतली की तितके. आपल्याला कुणी म्हटलं, की पगार नाही, बग फिक्स केलास की बगमागे पैसे, तेही दोन-तीन महिन्यांनी, तर?

जामखेडच्या बायाही गावातल्या कामाचा पगार घेत नसत, हे मला कुणीतरी सांगणारच, म्हणून आधीच सांगतो. खरं आहे. तिथं त्यांना छोट्या उद्योगांसाठी मदत होती, आणि त्यांची बांधिलकी गावाशी होती, वरच्या साहेबाशी नाही. टार्गेट नव्हतं. आशाला टार्गेट आहे, रजिस्टर आहे, सर्वेक्षण आहे, मीटिंग आहे, साहेबही आहे. नोकरीचं सगळं आहे, फक्त पगार तेवढा सेवाभावी. दोन्हींची तुलना करणाऱ्याला मी त्याच्या पुढच्या अप्रेझलला 'सेवाभाव' हे शब्द ऐकवीन.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांना पुरस्कार दिला. देशभर अभिनंदनाचे संदेश. महाराष्ट्रातल्या आशा त्याआधी २०२१ मध्ये कोविड चालू असताना संपावर गेल्या होत्या, त्यानंतर २०२३ मध्ये पुन्हा गेल्या आणि २०२४ च्या जानेवारीत पुन्हा. मागण्यांत मानधन होतंच. ऑनलाइन कामाच्या बोज्याबद्दलही तक्रार होती. हे ऑनलाइन काम कुठून आलं? आपल्याकडून. आपण ॲप लिहितो, ॲपला डेटा लागतो, डेटा भरायला तीच बाई. दिवसभर उन्हात फिरून आल्यावर रात्री रेंज शोधत गच्चीवर उभी. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. आणि त्या डेटाचा डॅशबोर्ड जिल्ह्याच्या ठिकाणी भिंतीवर लागतो, हिरवा-पिवळा-लाल. तिला त्यातून परत काय मिळतं? लाल रंग.

ही पटकथा मी ओळखतो. केसला जहाजावरून उतरवायचं आणि हॉलोग्रामला बढती द्यायची.

मला विचाराल तर तंत्रज्ञान हवंच आहे. पण ग्राहक कोण ते आधी ठरवा. तुमच्या प्रेझेंटेशनमध्ये ग्राहक आहे पेशंट, आणि पैसे देणारा आहे कुठला तरी निधी. मी म्हणतो ग्राहक ती बाई धरा. मग बॅकलॉग आपोआप बदलतो. उपकेंद्रात लोहाच्या गोळ्या संपल्या आहेत हे तिला तिथपर्यंत चालत जायच्या आधी कळेल का? १०८ ला फोन केल्यावर गाडी नक्की कुठवर आली ते तिला, ड्रायव्हरला दहा वेळा फोन न करता, दिसेल का? तिनं पाठवलेल्या बाळंतिणीचं पुढं काय झालं, हे मोठ्या दवाखान्याकडून तिला उलट कळवलं जाईल का? (आपण प्रत्येक एरर लॉग करतो. ती पेशंट पाठवते आणि रिकामा रिस्पॉन्स.) एकच माहिती चार रजिस्टरांत आणि दोन ॲपांत भरायची ती एकदाच भरून चालेल का? यातल्या एकालाही हसरा चेहरा लागत नाही. यातली निम्मी कामं साध्या मेसेजवर होतात.

यंदाच्या हॅकेथॉनचा फॉर्म आलाय. मी भरलाय, टीममध्ये अजून दोघं लागतील, इच्छुकांनी कळवावं. प्रकल्पाचं नाव 'माझा मोबदला'. काम एवढंच: आशाताईनं महिन्यात काय काय केलं, त्याचे किती झाले, त्यातले किती अडकलेत आणि ते कुठल्या टेबलावर अडकलेत, हे तिच्या साध्या फोनवर मराठीत यावं. टेबलाचं नाव पदासकट. मॅनेजर म्हणाला, यात एआय कुठंय? मी म्हटलं, नाहीये. तो म्हणाला, मग शॉर्टलिस्ट होणं अवघड आहे.